गुण खेळाडूचा, मालकी कुणाची?



गेल्या उन्हाळ्यात एका सायंकाळी एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन नाशिकातील माझ्या कचेरीत आले. सातपूरच्या एका कारखान्यात ते पाळीवर काम करतात. मुलगा सोळा वर्षांचा, डाव्या हाताने जलद गोलंदाजी करणारा. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, ज्यास आपण नाशिककर अजूनही गोल्फ क्लब म्हणतो तेथे, त्याने एका सामन्यात चांगली कामगिरी केली आणि ती पाहून खेळाडूंचे व्यवहार सांभाळणाऱ्या एका संस्थेने त्याच्या वडिलांपुढे करार ठेवला. पाचशे रुपयांचा मुद्रांक, सात पानांचा मजकूर, सारा इंग्रजीत. वडिलांनी सही केलेली होती. "जय भीम, वकीलसाहेब. सही करून झाली, आता वाचून घ्यायला आलो," असे ते खाली पाहून म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. ज्या घरात आजवर कोणी मानाने सही मागावयास आले नाही, त्या घरास असा पहिला कागद सन्मानपत्रासारखाच वाटावयाचा.

मी तो कागद त्यांस मराठीतून वाचून दाखविला. मुलाने दहा वर्षे या संस्थेखेरीज कोणाशीही करार करू नये. खेळातून अथवा जाहिरातीतून होणाऱ्या प्रत्येक मिळकतीचा चौथा हिस्सा संस्थेस द्यावा. दहा वर्षे संपल्यावर दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव आला तर तो प्रथम याच संस्थेपुढे ठेवावा, आणि तिने तेवढीच रक्कम देऊ केल्यास तिच्याकडेच राहावे. मुलाचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला यांच्या मूळ प्रती संस्थेने ठेवून घेतल्या होत्या. तसा अधिकार देणारे कलम मात्र सातही पानांत नव्हते. वाचन संपल्यावर मुलाने एकच प्रश्न विचारला : "मग मी कोणाचा?"

त्या प्रश्नाचे उत्तर कचेरीत दोन वाक्यांत देऊन मी मोकळा झालो. परंतु आपल्या वस्तीतील कितीतरी मुले-मुली आज क्रिकेट, कबड्डी, धावणे यांत पुढे येत आहेत आणि नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांतून त्यांस पाठिंबाही मिळू लागला आहे. त्या साऱ्या घरांस हे उत्तर जरा विस्ताराने सांगणे मला अवश्य वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. खेळाडूच्या हातातील गुण हा त्याचा स्वतःचा आहे. करार करून तो त्या गुणाचा उपयोग ठरलेल्या मुदतीपुरता दुसऱ्यास देतो. मुदत संपली की तो मोकळा झाला पाहिजे, आणि कोठे जावे व कोठे जाऊ नये हे त्याने स्वतः ठरविले पाहिजे. ही गोष्ट ऐकावयास इतकी साधी आहे की, तिच्यासाठी माणसांना आयुष्यातील उमेदीची वर्षे खर्ची घालावी लागली हे तुम्हांस खरे वाटणार नाही.

आपल्याकडे क्रिकेटच्या मैदानावर मजुरी घेऊन राबलेल्या खेळाडूंचा इतिहास पाहू गेल्यास पहिले मोठे नाव येते ते बाळू पालवणकर यांचे. चांभार कुटुंबात १८७६ साली जन्मलेले बाळू पुण्यास पारशी मंडळींच्या क्लबात मैदान राखण्यासाठी महिना तीन रुपयांवर राहिले. पुढे पूना क्लबात त्यांना चार रुपये मिळू लागले. तेथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या सरावासाठी त्यांनी तासन्‌तास चेंडू टाकावयाचे. फलंदाजी करण्याची पाळी त्यांच्यावर येत नसे, कारण ते काम साहेबांचे. पुण्याच्या हिंदू संघास इंग्रजांना हरवावयाचे होते म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चालत होता. चहाच्या वेळी मात्र त्यांस मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे.

१९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईस हिंदूंच्या संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. हिंदूंच्या धावा २४२ व १६०, युरोपियनांच्या १९१ व १०२. त्या काळी हा विजय म्हणजे केवढी मोठी गोष्ट होती हे आज कल्पनेनेच जाणावे लागेल. त्या संघात बाळू होते आणि त्यांचे बंधू शिवरामही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला, त्या दौऱ्यात एकट्या बाळूंनी ११४ बळी घेतले. महाराजांच्या क्रिकेटविषयी येथे न बोललेले बरे. परंतु इतके करूनही बाळूंकडे संघाचे कर्णधारपद कधी आले नाही.

आता पाहा, बाळूंना बांधून ठेवणारा कोणताही लेखी करार नव्हता. तरीही ते मोकळे होते असे म्हणता येईल काय? त्या काळी मुंबईचे मोठे सामने धर्मवार संघांत होत. हिंदूंच्या संघातून अपमान झाला म्हणून पारशांच्या संघात जाण्याची सोय नव्हती. खेळाडूस एकच दार आणि त्या दाराची किल्ली दुसऱ्याकडे, अशी स्थिती असली म्हणजे करार असो वा नसो, परिणाम एकच होतो.

अशा वेळी त्या बंधूंच्या हाती एकच हक्क उरला होता, तो म्हणजे खेळण्यास नकार देण्याचा. १९२० साली बाळूंना संघातून वगळून कर्णधारपद दुसऱ्याकडे देण्यात आले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून आपली नावे जाहीरपणे मागे घेतली. गोष्ट वृत्तपत्रांत गाजली. अखेर अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत बोलवावे लागले, उपकर्णधारपद द्यावे लागले, आणि कर्णधार मैदानाबाहेर गेले असता काही काळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. १९२३ साली विठ्ठल पालवणकर रीतसर कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांना हरविले. अर्ज-विनंत्यांनी जे वीस वर्षांत घडले नाही, ते दोन खेळाडूंच्या नकाराने तीन वर्षांत घडले.

बाळूंचे नाव मी इतक्या आदराने घेतलेले काही वाचकांस खटकेल. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या बाजूने डॉ. बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली आणि बाळूंना ११,२२५. त्या निवडणुकीत ते चुकीच्या बाजूस होते असेच माझे मत आहे. पण म्हणून त्यांच्या डाव्या हाताने मिळविलेले श्रेय त्यांच्यापासून काढून घेणे मला न्यायाचे वाटत नाही.

पालवणकर बंधूंनंतर तीस वर्षांनी विनू मंकड यांच्यावर दुसऱ्या प्रकारचा प्रसंग आला. मुंबईकडून रणजी सामने खेळणारे मंकड हे खेळावरच पोट भरणारे गृहस्थ. १९५२ साली त्यांस इंग्लंडातील हॅसलिंग्डन क्लबाने नोकरी देऊ केली. भारतीय संघात आपली निवड नक्की होणार असेल तर ही नोकरी सोडतो, तेवढे आश्वासन द्या, असे त्यांनी मंडळास विचारले. आश्वासन मिळाले नाही. मंकडांनी हॅसलिंग्डनचा करार केला. मग लीड्सच्या कसोटीत आपल्या संघाचे शून्य धावांवर चार गडी बाद झाले, आणि त्याच मंडळास त्या क्लबाकडे जाऊन मंकडांना सोडा म्हणून विनवावे लागले. लॉर्ड्सच्या कसोटीत मंकडांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि ७३ षटके टाकून पाच बळी घेतले. सामना आपण हरलो, पण तो आजही मंकडांचा सामना म्हणून ओळखला जातो. ज्याने आपल्या पोटाचा विचार केला त्याच्या देशनिष्ठेविषयी शंका घेणाऱ्यांनी तो धावफलक एकदा डोळ्यांखालून घालावा.

अमेरिकेत बेसबॉल म्हणून एक खेळ आहे. आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊ म्हणा. तेथे हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. तेथील खेळाडूच्या करारात एक कलम असे. मुदत संपली तरी मालकाने करार आणखी एक वर्ष वाढवावा असे ते म्हणे, आणि मालक त्याचा अर्थ असा लावीत की वाढविलेला करार पुन्हा वाढविता येतो, पुन्हा आणि पुन्हा. म्हणजे खेळाडू म्हातारा होऊन हाकलला जाईपर्यंत एकाच मालकाचा. मालकाने विकला तर दुसऱ्याचा. कर्ट फ्लड नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू बारा वर्षे सेंट लुईसच्या संघात होता. १९६४ आणि १९६७ साली तो संघ जगज्जेता ठरला, त्यात त्याचा मोठा वाटा होता. १९६९ साली त्याला न विचारता त्याची फिलाडेल्फियाच्या संघाशी अदलाबदल झाली. वर्षाला नव्वद हजार डॉलर मिळविणारा माणूस. गप्प बसता तर सुखाने जगता. त्याने २४ डिसेंबर १९६९ रोजी खेळाच्या आयुक्तास पत्र लिहून कळविले की, मी खरेदी-विक्रीची वस्तू नाही आणि इतर संघांचे प्रस्ताव ऐकण्याचा मला हक्क आहे. पगार मोठा असला म्हणून गुलामी संपत नाही, असेही तो पुढे बोलून दाखवी.

खटल्यात त्याच्या बाजूने जॅकी रॉबिन्सन यांनी साक्ष दिली. १९४७ साली गोऱ्यांच्या बड्या संघांची बंद दारे ज्यांनी उघडली तेच हे रॉबिन्सन. परंतु त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू साक्षीस आला नाही. नोकरीची भीती! १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लडविरुद्ध निकाल दिला. गंमत अशी की, बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मिळालेली सूट विसंगत आहे हे न्यायालयाने मान्य केले. पण जुनी विसंगती दुरुस्त करणे हे विधिमंडळाचे काम, असे म्हटले. फ्लडचे खेळाडू म्हणून आयुष्य तेथेच संपल्यासारखे झाले. पण १९७५ च्या डिसेंबरात पीटर सेइट्झ नावाच्या लवादाने दुसऱ्या दोन खेळाडूंच्या तक्रारीवर निर्णय दिला की, एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. त्यानंतर खेळाडू मोकळा. पुढील वर्षी खेळाडूंच्या संघटनेने मालकांशी समझोता केला आणि सहा वर्षे खेळलेल्यास हवा तो संघ निवडण्याचा हक्क मिळाला. फ्लड एकटा लढला आणि हरला. संघटना लढली आणि जिंकली. हा फरक संघटनेचे महत्त्व जाणणाऱ्या तुम्हांस मी वेगळा समजावून सांगत नाही.

आता आपल्या देशाचा कायदा पाहू. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे कलम २७ असे सांगते की, ज्या कराराने एखाद्यास कायदेशीर धंदा, व्यापार अथवा व्यवसाय करण्यास मनाई होते, तो करार तेवढ्यापुरता निरर्थक आहे. हे कलम आले कोठून? न्यूयॉर्कचे विधिज्ञ डेव्हिड डडली फील्ड यांनी आपल्या राज्यासाठी जो दिवाणी संहितेचा मसुदा केला होता, त्यावरून ते घेतले गेले. न्यूयॉर्कने तो मसुदा कधी स्वीकारलाच नाही. म्हणजे अमेरिकन माणसाने लिहिलेले कलम आपल्या नाशिकच्या खेळाडूस आधार देते, आणि त्याच्या देशातील फ्लड मात्र रिकाम्या हाताने घरी जातो! विद्यार्थिदशेत हे प्रथम वाचले तेव्हा मी ते पान दोनदा वाचले होते.

त्या कलमाचा खेळाडूसाठी उपयोग कसा झाला ते सांगतो. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील श्रीरामपूरचे जहीर खान तुम्हां सर्वांस ठाऊक आहेत. २०११ च्या विश्वचषकात त्यांनी २१ बळी घेतले, आणि वानखेडे मैदानावरील अंतिम सामन्यात पहिल्या पाच षटकांत केवळ सहा धावा देऊन एक गडी बाद केला. पण त्यांचा एक सामना न्यायालयातही झाला. २००० साली, नुकतेच भारतीय संघात आलेले असताना, त्यांनी पर्सेप्ट डीमार्क या कंपनीशी जाहिरातींच्या व्यवहारासाठी तीन वर्षांचा करार केला. त्यात अट अशी की, मुदतीनंतर दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव आल्यास तो आधी या कंपनीपुढे ठेवावा आणि तेवढेच देण्याची तिला संधी द्यावी. २००३ मध्ये मुदत संपली. जहीर खान दुसऱ्या कंपनीकडे गेले. पहिली कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली; एका न्यायमूर्तींनी तिच्या बाजूने मनाईहुकूम दिला, खंडपीठाने तो रद्द केला. २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निर्णय कायम ठेवला. मुदत संपल्यानंतर माणसास बांधून ठेवणारी ही अट कलम २७ खाली निरर्थक आहे, आणि ज्या व्यवहाराचा पाया परस्पर विश्वास आहे तो कोणावर बळाने लादता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

माझ्या कचेरीत आलेल्या करारातील शेवटची अट आणि ही अट जवळजवळ सारखी होती. शब्दसुद्धा तेच. ज्या अटीत सर्वोच्च न्यायालयाने राम ठेवला नाही, ती अट एवढ्या वर्षांनंतरही सोळा वर्षांच्या मुलाच्या करारात छापली जाते. कारण उघड आहे. छापणाऱ्यास ठाऊक असते की, ती न्यायालयात टिकणार नाही, परंतु सातपूरच्या कामगाराच्या घरात टिकेल.

मात्र येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, नाही तर वकिलाने अर्धेच सांगितले असा दोष माझ्यावर येईल. मुदत चालू असताना 'दुसरीकडे जाणार नाही' ही अट सामान्यतः बंधनकारक असते. १९६७ साली गोलिकरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते ठरविले आहे. म्हणून मुदत किती, हाच खरा प्रश्न. खेळाडूचे खेळण्याचे आयुष्यच मुळी दहा-बारा वर्षांचे. त्यास दहा वर्षांच्या करारात बांधले, तर नंतरची मोकळीक घेऊन तो काय करणार?

मोठ्या स्पर्धांचे नियम याहून निराळे आहेत. २००८ साली आयपीएलचा पहिला लिलाव झाला. (हा 'लिलाव' शब्द माणसांसाठी आपण किती सहज वापरू लागलो!) त्याच वर्षी शेन वॉर्न यांच्या नेतृत्वाखाली राजस्थानच्या संघाने, कोणी फारशी आशा धरलेली नसताना, नवी मुंबईच्या मैदानावर अंतिम सामना तीन गडी राखून जिंकला. त्या संघात रवींद्र जडेजा नावाचा कोवळा मुलगा होता. २०१० साली त्याने परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी केली म्हणून त्यास संपूर्ण हंगाम बाहेर बसविण्यात आले. नियम मोडला हे खरे. पण इतर कोणत्याही नोकरीत दुसऱ्या मालकाशी बोलणे हा एवढा मोठा अपराध मानला जात नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दाह येथे झालेल्या लिलावात जुन्या संघास तेवढीच बोली लावून आपला खेळाडू परत मागण्याचा हक्क होता. जहीर खान यांच्या करारातील अटीची ही सख्खी बहीण दिसते. फरक असा की, येथे खेळाडू नियम जाणून स्वतःहून लिलावात नाव देतो. त्या लिलावात ऋषभ पंत यांस दिल्लीने २० कोटी ७५ लाखांवर परत मागितले, तेव्हा लखनौने बोली २७ कोटींवर नेली. पैसा वाढला यात वाद नाही. कोणत्या गावासाठी खेळावे हे मात्र पंतांनी ठरविले नाही.

खेळाडूंना मोकळे सोडले तर संघ फुटतील, एकोपा जाईल, अविस्मरणीय विजय घडणार नाहीत, असा आक्षेप मालकवर्ग नेहमी घेतो. अमेरिकेतील ओकलंडचा संघ १९७२, १९७३ आणि १९७४ असा लागोपाठ तीन वर्षे जगज्जेता ठरला, आणि खेळाडू मोकळे होताच पांगला, हे उदाहरण ते पुढे करतात. पण त्या संघातील पहिला मोठा गोलंदाज कॅटफिश हंटर कसा सुटला? मालकाने करारात कबूल केलेली रक्कम दिली नाही, म्हणून लवादाने १९७४ साली त्यास मोकळे केले. खेळाडूने करार मोडला तर तो कृतघ्न, आणि मालकाने मोडला तर तो व्यवहार, हा न्याय मला मान्य नाही. शिवाय राजस्थानचा २००८ चा संघ काही महिन्यांत गोळा केलेला होता. ते अकरा जण एकमेकांसाठी खेळले, कारण त्यांना तसे खेळविणारा कर्णधार लाभला. मुदतीच्या अटींनी माणसे मैदानावर आणून उभी करता येतील. शेवटच्या षटकात धावत सुटण्याची इच्छा त्या अटींत कोठून येणार?

आता पुन्हा त्या मुलाकडे येतो. त्याचे वय सोळा. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबी खटल्यात ठरविले. 'पण सही बापाने केली आहे ना?' असे संस्थेच्या माणसाने मला दूरध्वनीवर विचारले. त्यावर मुंबई उच्च न्यायालयाचा १९४९ चा राजराणी विरुद्ध प्रेम अदीब हा निकाल आहे. अज्ञान मुलीच्या वतीने तिच्या वडिलांनी चित्रपटात काम करण्याचा करार केला होता. तो शून्य ठरला. परंतु आईबापांनो, हा निकाल नीट समजून घ्या. त्यात दाद मागणारी ती मुलगीच होती आणि तिच्या हाती काही लागले नाही, कारण शून्य करारावर पैसेही मागता येत नाहीत. ज्या दोरीने मुलगा बांधला जात नाही, त्या दोरीने संस्थाही बांधली जात नाही. म्हणून अठराच्या आतील मुलासाठी जे काही मिळावयाचे असेल ते शिकवणी, साहित्य, प्रवासखर्च अशा रूपाने त्या त्या महिन्यात हाती घ्या. पुढील मोठ्या रकमेच्या वचनावर विसंबू नका. आणि अठरावा वाढदिवस होताच 'जुना करार मला मान्य आहे' असा कागद कोणी पुढे केला, तर त्यावर सही करू देऊ नका. शून्य करार नंतरच्या मान्यतेने जिवंत होत नाही. पण असा कागद नवा करार म्हणून पुढे केला जाईल आणि तंटा वाढेल. सज्ञान झाल्यावर करावयाचाच असेल तर नवा करार, नव्या अटींवर, वाचून करावा.

मी संस्थेस एक नोटीस पाठविली. मूळ दाखले पंधरा दिवसांत परत आले, त्यांसोबत पत्र नव्हते. त्यानंतर मुलाच्या वडिलांच्या विनंतीवरून मी एका वर्षाच्या व्यवस्थेचा दोन पानी मसुदा मराठीत तयार करून धाडला. मुदतीनंतरचे कोणतेही बंधन त्यात नाही, आणि गोलंदाजीचे बूट कोण देणार हे आहे. संस्थेने त्यावर अद्याप उत्तर दिलेले नाही. मुलगा सकाळी साडेपाचला मैदानावर जातो, आणि त्याचे वडील रात्रपाळीहून परतताना त्यास तेथूनच शाळेत सोडतात.